बालवाडीतली मुलं खरंच किती हलतात? मोजायची आणि वाढवायची रीत

“आमची मुलं एक मिनिट स्वस्थ बसत नाहीत,” असं कुठल्याही बालवाडीच्या ताई सांगतील. त्यांना मनापासून तसं वाटत असतं. वर्गात दोन-तीन द्वाड पोरं असतातच आणि दिवसभर नजर त्यांच्याच मागे फिरते. उरलेली वीसजणं मात्र सतरंजीवर बसलेली असतात, रांगेत उभी असतात, नाहीतर डबा कधी उघडायचा म्हणून ताईंच्या तोंडाकडे बघत असतात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरीक्षकांनी घड्याळ लावून बालवाडीतल्या मुलांच्या नोंदी घेतल्या. त्यातल्या ८९ टक्के नोंदींत मूल बसलेलं, उभं किंवा जागच्या जागीच होतं. बाहेर सोडल्यावरच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तरी त्यातल्या ५६ टक्के तशाच निघाल्या.

याहून कामाचा आकडा २००४ सालच्या अभ्यासातला आहे. साउथ कॅरोलायना राज्यातल्या नऊ बालवाड्यांमधल्या २८१ मुलांना हालचाल टिपणारं छोटं यंत्र बांधलं होतं. एका बालवाडीतलं मूल तासाला सरासरी ४.४ मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करत होतं, दुसऱ्या बालवाडीतलं १०.२ मिनिटं. मुलं साधारण एकाच वयाची आणि तरी फरक दुपटीहून जास्त. मूल चळवळं आहे की शांत, एवढ्यावर सगळं ठरत नाही. बालवाडीचा दिवस कसा आखलाय यावर बरंच काही ठरतं, आणि तो आखणं ताईंच्या हातात असतं.

पुढची रीत अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या ताई, नर्सरी-केजीच्या शिक्षिका आणि पाळणाघर चालवणाऱ्या बायका अशा सगळ्यांसाठी आहे. लागतं काय? वही, पेन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि मदतीला आणखी एक माणूस.

पायरी १ : किती हालचाल पुरेशी, ते आधी ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी, म्हणजे मध्यम ते जोरदार असावीत. मुलाला एका वेळी तासापेक्षा जास्त बांधल्यासारखं बसवून ठेवू नये, टीव्ही-मोबाईलसमोर बसणं तासाच्या आत असावं (कमी तितकं बरं) आणि झोप १० ते १३ तास व्हावी.

१८० मिनिटं म्हटलं की ताई घाबरतात. पण मूल साधारण बारा तास जागं असतं, त्यात वाटले तर तासाला १५ मिनिटंच येतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनेही २०११ साली पाळणाघरांसाठी तासाला किमान १५ मिनिटं हाच हिशेब सुचवला होता. तीन तासांच्या बालवाडीच्या वाट्याला म्हणजे ४५ मिनिटं आली आणि त्यातली १५ धाप लागणारी. वहीच्या पहिल्याच पानावर हे दोन आकडे लिहून ठेवा.

बाकीचं घरी होईल, असं धरून चालू नका. दोन खोल्यांच्या घरात, खाली वाहता रस्ता असताना, मूल संध्याकाळी कुठे पळणार? शहरातल्या कित्येक मुलांसाठी बालवाडी हीच पळायची एकमेव जागा असते.

पायरी २ : बदल करण्याआधी मोजा

ही पायरी गाळून थेट नवे खेळ सुरू करायचा मोह होतो. तसं केलंत तर काय बदललं हे कधीच कळणार नाही, आणि पालकांना किंवा पर्यवेक्षिका बाईंना दाखवायलाही हातात काही राहणार नाही.

यंत्रं, मनगटी पट्टे यांच्या नादी लागू नका. मोठ्यांसाठी बनवलेला पट्टा पावलं मोजतो. उड्या, चढणं, लोळणं त्याला नीट कळत नाही. शिवाय लहान मुलं मोठ्यांसारखी सलग दहा मिनिटं पळत नाहीत. चार-पाच सेकंद सुसाट, मग थांबून मुंगी बघायची, मग पुन्हा सुसाट. म्हणून मोजणीही थोड्या-थोड्या सेकंदांची हवी. संशोधक मुलाला पाच सेकंद पाहतात आणि पुढच्या पंचवीस सेकंदांत नोंद करतात. त्यांच्या पट्टीवर पाच पातळ्या असतात. आपल्याला चार पुरतात:

१ – बसलेलं, उभं किंवा आडवं, अंग स्थिर.
२ – जागेवरच, पण हात-पाय किंवा धड हलतंय (टाळ्या, हातवाऱ्यांची गाणी, वाळूत खेळणं).
३ – जागा बदलतंय, पण आरामात. चालणं, रांगणं.
४ – पळणं, उड्या, चढणं, लंगडी, ढकलणं-ओढणं.

पाच सेकंदांत दिसलेली सर्वांत वरची पातळी लिहायची. दोन जागी नवख्यांची गल्लत होते. जागच्या जागी मारलेल्या उड्या ४ मध्ये जातात, २ मध्ये नाहीत. आणि पाळण्यावर बसलेल्या मुलाला कुणी दुसरं झोका देत असेल, तर पाळणा कितीही उंच जावो, मूल १ मध्येच.

मुलं निवडताना हजेरीपट घ्या आणि दर तिसरं किंवा चौथं नाव घेत सहा नावं काढा. डोळ्यांनी निवडलीत तर उनाड पोरंच यादीत येतील. तीन मुली, तीन मुलगे येतील असं बघा. त्या सहा जणांचा क्रम ठरवा आणि घड्याळ लावून दर अर्ध्या मिनिटाला एकेकाकडे बघा. सहावं झालं की पुन्हा पहिलं. गंपू आत्ताच झाडावर चढला म्हणून त्याच्याकडे वळायचं नाही, त्याची पाळी येईल तेव्हाच. एका तासात १२० नोंदी होतात, प्रत्येक मुलाच्या २०. सलग तासभर डोळे टिकत नाहीत, तेव्हा वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. तीन वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वेळा घ्या : येण्याची वेळ, वर्गातला मधला वेळ, बाहेरचा वेळ. सण, सहल आणि तपासणीचा दिवस यांत धरू नका. आणि मोजणारीने त्या वेळात वर्ग घ्यायचा नाही. मदतनीस, दुसऱ्या वर्गाच्या ताई किंवा एखादी आई हे काम सहज करते.

नोंदीशेजारी आणखी दोन खुणा करा. पहिली : आत की बाहेर. दुसरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची : मूल त्या क्षणी कशाची तरी वाट पाहत असेल तर ‘वा’. रांगेत उभं, पाळीसाठी बसलेलं, आहार वाढून होईपर्यंत थांबलेलं, खेळातून बाद होऊन कडेला बसलेलं, हे सगळं ‘वा’.

हिशेब सोपा आहे. तासाच्या १२० नोंदींत एक नोंद म्हणजे अर्धं मिनिट. समजा ३ या पातळीच्या १८ आणि ४ च्या ५ नोंदी आल्या. म्हणजे तुमच्याकडचं सर्वसाधारण मूल त्या तासात साडेअकरा मिनिटं हललं आणि त्यातली फक्त अडीच मिनिटं धापेची. उद्दिष्ट १५ आणि ५. पातळी २ हालचालीत धरायची का, असं विचारलं जातं. हलकी हालचालही हालचालच आहे, पण मी ती धरत नाही. ती धरली की टाळ्यांच्या गाण्यांवरच आकडा फुगतो आणि सगळे खूश होऊन घरी जातात.

पायरी ३ : ‘वा’ची शिकार

आता ‘वा’ मोजा. नवीन मैदान, नवी खेळणी, जास्त मनुष्यबळ यातलं काहीही न मागता सुधारणा करायची असेल, तर ती इथे होते.

हात धुवायला पंचवीस मुलांची एक रांग लावली आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट लागलं, तर शेवटचं मूल बारा मिनिटं उभं राहतं. त्याऐवजी पाच-पाच जण पाठवा आणि बाकीच्यांचा खेळ चालू ठेवा. दोन बादल्या, दोन मग ठेवले तर वेळ आणखी निम्मा होतो. सकाळी पहिलं मूल आल्यापासून हजेरी पुरी होईपर्यंतचा वेळही असाच वाया जातो. आलेली मुलं हाताची घडी घालून उशिरा येणाऱ्यांसाठी बसून राहतात. त्यांना दप्तर ठेवून थेट खेळायला सोडा आणि हजेरी खेळता खेळता घ्या. घसरगुंडी एकच असेल तर तिच्याभोवती फेरा आखा : घसरलं की टायरमधून जायचं, दोरीवरून चालायचं, मग पुन्हा पायऱ्या. रांग राहते, पण ती चालती राहते.

स्नेहसंमेलनाचा सराव हा या यादीतला सर्वांत मोठा गुन्हेगार. डिसेंबर-जानेवारीत कित्येक केजीत रोज तासभर ‘डान्स’ चालतो आणि पालकांना वाटतं, मुलांचा केवढा व्यायाम होतोय. नोंदी घ्या आणि बघा. आठ मुलं नाचतात, बाकीची भिंतीला टेकून बसतात, आणि नाचणाऱ्यांचाही निम्मा वेळ ‘तू इथे उभी राहा’ यात जातो.

पायरी ४ : खेळ तेच, नियम बदला

आपले बैठे-पळते खेळ छान आहेत, पण त्यातले बरेचसे मोठ्या मुलांसाठी आणि मोठ्या अंगणासाठी रचलेले आहेत. ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. वीस मुलांच्या गोलात एका वेळी दोघं पळतात, अठरा बसलेली. पाच-पाच मुलांचे चार गोल आणि चार रुमाल करा. पळणारी आठ झाली आणि पाळीही लवकर येते.

बाद करण्याचा नियम या वयात काढूनच टाका. संगीत खुर्चीत पहिलं बाद होतं ते हळू, बुजरं किंवा जाडसर मूल, म्हणजे ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज तेच आधी बसवलं जातं. खुर्च्यांऐवजी खडूने गोल काढा, मुलांपेक्षा एक गोल जास्तच ठेवा. डफली वाजतेय तोवर उड्या मारत फिरायचं, थांबली की कुठल्याही घरात शिरायचं. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये चुकलेल्याला बाहेर काढण्याऐवजी तीन बेडूकउड्या द्या. ‘डोंगराला आग लागली’ आहे तसा उत्तम, कारण सगळेच पळतात. गटात न मावलेल्याला फक्त पुढचा आकडा ओरडायचा मान द्या. विषामृत चार वर्षांपुढच्यांना जमतं, तिथेही ‘विष’ दोघा-तिघांवर ठेवा म्हणजे पाठलाग चालू राहतो. आगगाडी पंचवीस डब्यांची केली तर सर्वांत हळू चालणाऱ्या डब्याच्या वेगाने सरकते. तीन-तीन डब्यांच्या गाड्या करा, मग बघा त्या कशा धावतात.

वय बघून खेळ द्या. तीन वर्षांचं मूल दोन्ही पायांनी उडी मारतं, एका पायावर दोन-तीन सेकंद तोल सांभाळतं. लंगडी चौथ्या वर्षाच्या आसपास येऊ लागते आणि पाच वर्षांचं मूल ती बऱ्यापैकी घालतं. मिश्र वयाच्या अंगणवाडीत धाकट्यांना ‘एका पायावर बगळा’ आणि मोठ्यांना लंगडी असं एकाच वेळी चालवता येतं. टप्पा पडून आलेला चेंडू चार वर्षांच्या मुलाला झेलता येतो, थेट आलेला बहुधा सुटतो. तेव्हा झेलण्यापेक्षा फेकायला जास्त द्या.

पायरी ५ : बाहेरचा वेळ तोडा आणि वस्तू वाढवा

मुलं बाहेर सुटली की पहिली दहा-पंधरा मिनिटं खरी जोरात असतात. मग मातीत बसतात, गप्पा मारतात. त्यात वाईट काही नाही, पण चाळीस मिनिटं सलग देण्यापेक्षा वीस-वीसच्या दोन फेऱ्या दिल्या तर ते पहिले जोरदार क्षण दोनदा मिळतात. एक फेरी आहाराआधी, दुसरी घरी जाण्याआधी.

बसवलेल्या लोखंडी साधनांपेक्षा मोकळी जागा आणि हातात घ्यायच्या वस्तू मुलांना जास्त पळवतात. २००९च्या त्या अभ्यासातही चेंडू आणि मोकळं मैदान असलं की हालचाल वाढलेली दिसली. पण वीस मुलांत एक चेंडू म्हणजे पुन्हा रांग. चिंध्यांचे दहा-बारा चेंडू बनवा : जुनं कापड घट्ट गुंडाळा, वरून जुना पायमोजा चढवा, टाके घाला. लागत नाहीत, रस्त्यावर उड्या मारत जात नाहीत, काच फोडत नाहीत. सायकलचे जुने टायर, पोती, ओढणीच्या शेपट्या, वाळू भरलेल्या लहान पिशव्या हे सगळं पालकांकडून फुकट मिळतं. शेपटी कमरेला खोचून एकमेकांची पळवायचा खेळ एकदा द्या. थांबवणं अवघड जातं.

जागा नाही, ही तक्रार खरी असते. तरी लक्षात घ्या, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ नंतर जे काम उभं केलं, त्यात बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरत असे आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. देवळाचं पटांगण, समाजमंदिर, कठडा उंच असलेली सोसायटीची गच्ची विचारून बघा.

पायरी ६ : पाऊस, ऊन आणि बारा बाय पंधराची खोली

कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरचा वेळ बुडतो तो बुडतोच. खोलीत पळवायचं नाही, डोकी आपटतात. आत हालचाल उभी करायची : उड्या, बसणं-उठणं, बेडूक, खेकडा, अस्वल. आधी सतरंजी गुंडाळा, ती पायाखाली घसरते. प्रत्येकाला खडूचा गोल द्या आणि डफलीवर सुरू, डफली थांबली की पुतळा. पहिले दोन-तीन दिवस फक्त हे थांबणंच शिकवा. ते जमलं की गोंधळाची भीती जाते, आणि ताई हालचाल टाळतात त्यामागे खरं कारण बहुतेक वेळा ही भीतीच असते.

दर वीस-पंचवीस मिनिटांच्या बैठ्या कामानंतर चार मिनिटं हे घ्या. त्यासाठी वेगळा तास नको. आकडे शिकवताय? पाच म्हटलं की पाच उड्या. गोष्टीत वाघ आला की सगळे वाघ.

विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून बाहेरची फेरी सकाळी आल्या-आल्या घ्या, आधी आणि नंतर पाणी पाजा, सावली धरा. तापलेला लोखंडी पत्रा आधी स्वतःच्या हाताने तपासा. मूल चिडचिडं, मलूल झालं, घाम येऊन गार पडलं किंवा मळमळतंय म्हणालं तर ताबडतोब सावलीत. आहारानंतर अर्धा तास उड्या नकोत.

पायरी ७ : कडेला बसणारी मुलं

सहाही मुलांची सरासरी चांगली आली तरी प्रत्येकाची ओळ वेगळी वाचा. एखाद्याच्या वीसपैकी वीस नोंदी १ आणि २ च्याच असतील तर थांबा. आधी साधी कारणं बघा : मोठ्या मापाची चप्पल, कडक फ्रॉक, घट्ट जीन्स, ‘कपडे मळवू नकोस’ अशी घरची ताकीद. मुलींच्या बाबतीत ही ताकीद जास्त असते आणि मैदानाचा मधला भाग मुलगे बळकावतात. जागा वाटून द्या, खेळाची सुरुवात मुलींकडून करा.

मूल लवकर दमतं, ओठ-नखं फिकट दिसतात, पळताना छाती वाजते, सारखं पडतं, असं काही असेल तर ते आळशी आहे असं समजू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. नाव त्यांच्यासाठी लिहून ठेवाच, पण श्वासाचा त्रास असेल तर त्यांची वाट पाहू नका. तीव्र कुपोषित मुलाला पळायला लावायचं नाही, पण खेळातून वगळायचंही नाही. अशा मुलांच्या उपचारात खेळ आणि मायेचा सहवास हाही भाग असतो. हलका चेंडू, गाणं, सावलीतला खेळ द्या. चालता न येणाऱ्या मुलासाठी फेकण्याचे, ढकलण्याचे, रांगण्याचे खेळ निवडा आणि सगळ्यांनाच तो खेळ खेळायला लावा.

पायरी ८ : ताई, तुम्ही कुठे उभ्या असता?

मोजणारीला एक जास्तीचा रकाना द्या : बाहेरच्या वेळात ताई काय करत होत्या. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, कडेला उभ्या राहून ‘हळू’, ‘पडशील’, ‘पळू नको’. मुलांना सोडून दिलं म्हणजे ती आपोआप खेळतात, हे अर्धंच खरं. काहींना खेळ सुचतच नाही. दोन फेऱ्यांपैकी एक तुम्ही घ्या आणि एक मोकळी सोडा. पदर खोचून पहिली पाच मिनिटं स्वतः पळा, मग हळूच बाजूला व्हा. ‘पळू नको’ऐवजी कुठे पळायचं ते सांगा : “त्या निंबापर्यंत!” आणि शिक्षा म्हणून खेळाची सुट्टी कधीही कापू नका. जो द्वाडपणा करतो त्याला बसवून ठेवलं तर दुपारपर्यंत तो दुप्पट द्वाडपणा करणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पायरी ९ : पालकांचा प्रश्न

“ताई, खेळतो ते ठीक, पण लिहायला कधी लागणार?” हा येणारच. वाद घालू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक विकास हे शिकण्याचंच एक क्षेत्र म्हणून दिलंय, ते दाखवा. त्याहून प्रभावी म्हणजे नोंदींचा कागद. पालकसभेत आयांनाच वीस मिनिटं मोजायला बसवा. आपलं लेकरू चाळीस नोंदींत किती वेळा हललं हे तिने स्वतः लिहिलं की तुम्हाला वेगळं पटवावं लागत नाही. जाता जाता सांगा : रोज जुने कपडे, पायात बसणारी चप्पल, सोबत पाण्याची बाटली.

पायरी १० : वेळापत्रक आणि फेरमोजणी

तीन तासांचा हिशेब असा बसतो. आल्यावर दहा मिनिटं मोकळा खेळ, त्यातली सहा हालचालीची धरू. वर्गात चार-चार मिनिटांचे चार तुकडे, सोळा. बाहेर वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या, त्यातला निम्माच वेळ धरला तरी वीस. एकूण ४२. हात धुणं आणि वाढपातली रांग मोडली की ४५ सहज गाठतं. हे एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त रांगा मोडा, दुसऱ्यात बाहेरचा वेळ तोडा, तिसऱ्यात वर्गातले तुकडे आणा.

सहा आठवड्यांनी तीच सहा मुलं, त्याच वेळा, तीच मोजणारी घेऊन पुन्हा तीन दिवस नोंदी घ्या. ऋतू बदलला असेल, उन्हाळ्याच्या नोंदी पावसाळ्याशी ताडून बघत असाल, तर फरक खोलीतल्या आणि बाहेरच्या नोंदींचा वेगवेगळा काढा. ४ पातळी वाढली नाही आणि फक्त ३ वाढली, तर वेळ पुरेसा आहे, खेळच मिळमिळीत आहेत. पायरी चारकडे जा. दोन्ही तिथेच राहिल्या आणि ‘वा’ही कमी झाला नाही, तर वेळापत्रक भिंतीवरच राहिलंय, मदतनीसांशी बसून रोज नेमकं कुठे अडतं ते बघा.